आबांची बुलेट, नातवाची कॅफे रेसर: साताऱ्यातलं एक प्रकरण

गाडी बुलेट ३५०. नोंदणी मार्च १९७५ ची, नंबरप्लेटवर जुनी तीन अक्षरं. मूळ मालक आबा. फौजेतून पेन्शनवर आले तेव्हा ते पस्तिशीत होते, हातात आलेल्या पैशातून त्यांनी ही गाडी घेतली. आज पंचाऐंशीला टेकलेत. आता गाडी चालवतो त्यांचा नातू. डिप्लोमा करून साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेला पोरगा, घर करंज्यात. मी ऑटोमोबाइल शिकवतो आणि हा माझ्या वर्गात बसलेला आहे, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. नावं मुद्दाम टाळली आहेत. घरातला वाद चव्हाट्यावर यावा असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नाही.

नातवाने २०२४ च्या उन्हाळ्यात आबांच्या बुलेटची कॅफे रेसर केली, म्हणजे खालच्या हँडलची, एका सीटची, शर्यतीच्या घाटाची गाडी. दसऱ्यापर्यंत त्याची मनगटं दुखायला लागली, इंजिन तापायला लागलं, पोवई नाक्यावर सायलेन्सरची पावती फाटली आणि आबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यात मार्च २०२५ मध्ये पासिंग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावी लागते. १९७५ च्या गाडीची ही पाळी पन्नासाव्या वर्षी पुन्हा आली होती. गाडी मूळ रूपात परत आणायची, आहे तशी रेटायची, की आणखी काही मार्ग निघतो, असा प्रश्न होता.

हा नाद आला कुठून

कॅफे रेसर म्हणजे पोरांचं फॅड, असं म्हणून उडवून लावणारे आमच्या स्टाफरूममध्येही आहेत. मला ते पटत नाही. या गाडीच्या प्रत्येक वाकड्यातिकड्या गोष्टीमागे एके काळी कारण होतं, आणि ते कारण कळलं नाही तर पुढचं प्रकरणही कळणार नाही.

युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये कारखान्यात राबणाऱ्या पोरांच्या खिशात पहिल्यांदाच चार पैसे खुळखुळू लागले. त्यांचे अड्डे म्हणजे मोठ्या रस्त्यांच्या कडेला ट्रकवाल्यांसाठी उघडी असणारी कॅफे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. ते १९३८ मध्ये सुरू झालं, युद्धात बॉम्बने उडालं, १९४९ मध्ये नव्याने उभं राहिलं. चहा प्यायचा, गाड्यांवर गप्पा ठोकायच्या आणि मग पुढच्या कॅफेपर्यंत किंवा चौकाला वळसा घालून परत यायची शर्यत लावायची. रेसची गाडी परवडत नव्हती, म्हणून कामावर न्यायच्या गाडीलाच रेसच्या गाडीचं रूप द्यायचं. वजन नको म्हणून मडगार्ड कापायचे. वाऱ्याला अंग कमी लागावं म्हणून हँडल खाली आणायचं. हँडल खाली आलं की गुडघे कुठे ठेवायचे, म्हणून फूटरेस्ट मागे न्यायचे. वेग घेताना मागे घसरू नये म्हणून सीटच्या शेवटी उंचवटा करायचा. हे सगळं ताशी शंभर मैल, म्हणजे १६१ किलोमीटर, गाठण्यासाठी. त्याला ते ‘टन’ म्हणत. डिसेंबर १९६५ पर्यंत तिथे गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादाच नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवं.

या पोरांच्या उद्योगातून चांगली गाडी निघतच नव्हती असंही नाही. नॉर्टनची ‘फेदरबेड’ चेसिस वळणावर पक्की, ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन जोरकस, मग एकाची चेसिस आणि दुसऱ्याचं इंजिन एकत्र करून ‘ट्रायटन’ झाली. १९६५ मध्ये अशाच एका ट्रायटनने बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत मारली. आणि एनफिल्डचा या गोष्टीशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे ‘कॉन्टिनेंटल जीटी’. १९६४ मध्ये इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डने २५० सीसीची ही गाडी काढली. खालचं हँडल, मागचे फूटरेस्ट, लाल टाकी, म्हणजे पोरं घरी करत होती ते सगळं कंपनीनेच करून दिलेलं. भारतीय एनफिल्डने तेच नाव २०१३ मध्ये ५३५ सीसीच्या आणि २०१८ मध्ये ६५० सीसीच्या गाडीला दिलं. तेव्हा बुलेटवाल्या घरातल्या पोराला हा नाद लागला तर तो काही परक्या अंगणातून उचलून आणलेला नाही.

नातवाला मात्र यातलं फारसं माहीत नव्हतं. त्याने पाहिली होती ती मोबाइलवर दिसणारी रेघ: टाकीच्या तळापासून सीटच्या शेपटापर्यंत सरळ आडवी. बुलेटला ती रेघ काढायची एवढंच त्याच्या डोक्यात. ती रेघ देखणी असते, हे मीही मान्य करतो.

पहिल्या फेरीत काय केलं

बाहेरगावाहून एक किट मागवलं आणि ओळखीच्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतलं. बुलेटच्या पुढच्या भागाची एक खोड आहे. हेडलाइट, स्पीडोमीटर आणि अॅमीटर (विजेचा प्रवाह दाखवणारा काटा) ज्यात बसतात ते ओतीव केसिंग नुसतं झाकण नाही. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या, वरून धरणारी टी तीच. दोन्ही दांड्यांवर आवळायचं क्लिप-ऑन हँडल लावायचं तर केसिंग काढावं लागतं, आणि ते काढलं की फोर्कला वरून आधार उरत नाही. म्हणून लेथवर ॲल्युमिनियमची नवी टी करून घेतली. केसिंग गेलं, त्याबरोबर अॅमीटरही गेला.

फूटरेस्ट थेट मागच्या सवारीच्या फूटरेस्टच्या जागी नेले. गिअरचा पाय तिथे पोचेना, म्हणून गिअर लिव्हर उलटी फिरवून मागे तोंड करून बसवली. ब्रेकचा पेडल आखूड केला. मागे लांब शॉकप टाकले, पार्श्वभाग वर उचलला. दोन्ही मडगार्ड, कॅरिअर, लेगगार्ड, साडीगार्ड काढलं आणि एकट्याची सीट बसवली. एअरफिल्टरचा डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडाला शंकूचा फिल्टर लावला. आतली जाळी नसलेला सरळ पाइप सायलेन्सर म्हणून चढवला. चेसिसची मागची नळी कापून तिथे गोल हूप, म्हणजे कडं, वेल्ड करायचाही बेत होता. तेवढा एक बेत आबांनी हाणून पाडला. गॅरेजमध्ये जाऊन गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले आणि ग्राइंडर काही चालू होऊ दिला नाही. “नळी कापलीस तर माझ्या अंगणात ही गाडी आणायची न्हाय,” एवढंच म्हणाले.

पुढे सगळा निकाल लागला तो या न कापलेल्या नळीमुळे.

तक्रारी, आणि त्यांची कारणं

गाडी माझ्याकडे आली ती दिवाळीच्या सुट्टीत. सोबत गोडोलीचे एक जुने बुलेट मिस्त्री होते. त्यांनी हातात पाना घेण्याआधी पोराला गाडीवर बसवलं आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवायला सांगितलं. अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये सापडला. “राजवाड्याच्या बोळात यू-टर्न कसा घेतोस?” मिस्त्री म्हणाले. पोरगा म्हणाला, “उतरून ढकलतो.”

मनगटाचं दुखणं सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं, कारण कॅफे रेसरचा सगळा मामला तिथे उलगडतो. अशा बैठकीत धड पुढे झुकतं आणि त्याचं वजन कुठेतरी टेकावंच लागतं. गाडी वेगात असली की समोरून येणारा वारा छातीला उचलून धरतो आणि हातावरचा भार हलका होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ताशी १०० च्या वेगाला जेवढा वारा छातीला टेकू देतो, त्याच्या सहाव्या हिश्शाइतकाच ४० च्या वेगाला देतो. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना, करंज्यातून पोवई नाक्याला येताना, स्पीडब्रेकर मोजत एमआयडीसीत जाताना ही गाडी चाळीसच्या आसपासच असते. टेकूचा पत्ता नाही आणि सगळं धड मनगटांवर. त्यात आपले गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकाला पुढच्या चाकाचा हिसका थेट तळहातात बसतो. ही बैठक वेगासाठीच जन्मली आहे. वेग नसेल तर ती शिक्षा ठरते.

वेगाचा हिशोबही पोराला कागदावर मांडून दाखवला. १९७५ च्या बुलेटला अठराच्या आसपास अश्वशक्ती. काढलेलं सगळं सामान त्याने पोत्यात भरून ठेवलं होतं. भंगारवाल्याच्या काट्यावर ते वीस किलोच्या आत भरलं. गाडी १६५ किलोची आणि चालवणारा ७० चा धरला तर एकूण २३५. त्यातले अठरा किलो गेले तर आठ टक्क्यांचाही फरक पडत नाही. ७० गुणिले ९० मिलीमीटरच्या, म्हणजे सिलिंडरच्या व्यासापेक्षा पिस्टनची धाव लांब असलेल्या, या इंजिनाला टन गाठायला सांगणं म्हणजे आबांना पोलीस भरतीच्या मैदानात उतरवण्यासारखं आहे. पोरगा हसला, पण त्याला थोडं लागलंही.

इंजिन तापण्याचं कारण मिस्त्रींनी प्लग काढून दाखवलं. पोर्सेलिनचा भाग पांढराफटक. चांगल्या चाललेल्या इंजिनाचा प्लग फिक्या तपकिरी रंगाचा असतो; पांढरा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. डबा काढून शंकू लावल्याने हवा वाढली, पाइप मोकळा केल्याने एक्झॉस्टचा हिशोब बदलला, आणि पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरमधला जेट तेवढाच राहिला. थ्रॉटल सोडला की फटफट फुटणारा आवाज, ज्यावर पोरगा खूश होता, त्याच बिघाडातून येत होता. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, ही समजूत बुलेटवाल्यांमध्ये इतकी घट्ट आहे की मी ती वर्गातही पुरती उपटून काढू शकलेलो नाही.

लांब शॉकपमुळे पार्श्वभाग वर गेला, आणि साइड स्टँड होता तेवढाच राहिला. गाडी स्टँडवर लावली की कमरेत वाकलेल्या माणसासारखी डावीकडे पडायला बघते. करंज्यातला उतार, पावसाळ्यातली निसरडी फरशी. गाडी एकदा लवंडली आणि टाकीला पोचा आला. डबल स्टँडवर लावली तर मागचं चाक जमिनीवरच टेकतं, म्हणजे तो स्टँड असून नसल्यासारखा.

सगळ्यात धोक्याचं गिअरचं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. लिव्हर उलटी फिरवली की सगळं उलटतं: पहिला खाली, बाकीचे वर. पोराला त्याची सवय झाली होती. पण घरात काकाही ही गाडी चालवतात आणि त्यांचा पाय तीस वर्षं एकाच पद्धतीला सरावलेला. एकदा दुसऱ्या गिअरवरून त्यांनी तिसऱ्यासाठी पाय खाली दाबला आणि गाडी पहिल्यात गेली. मागचं चाक करकचून अडलं, मागून येणारी रिक्षा थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून काकांनी गाडीला हात लावला नाही.

ब्रेकचंही तसंच. मागचा ब्रेक डाव्या पायाला, पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम. पेडल आखूड झाला की पायाच्या जोराला मिळणारी तरफ कमी होते, म्हणजे तेवढ्याच ब्रेकसाठी जास्त दाबावं लागतं. यवतेश्वरहून उतरताना हे कळतं, आणि तिथेच ते कळणं सगळ्यात महाग पडू शकतं.

किकची गोष्ट बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. जुनी बुलेट चालू करायची एक रीत आहे. किक हळूहळू दाबत अॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत न्यायची, डीकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) ओढून जरा पुढे सरकवायची, मग डीकंप्रेसर सोडून पूर्ण लाथ. काटा मध्यावर येतो म्हणजे पॉइंट (ठिणगीचा स्विच) उघडलेत, पिस्टन नेमक्या जागी आहे. अॅमीटर काढल्यावर हा अंदाज गेला. त्यात मागे नेलेला उजवा फूटरेस्ट किकच्या वाटेत. पोरगा अंदाजाने किक मारायचा आणि बॅककिक बसली, म्हणजे किक उलटी पायावर आली, की लंगडायचा. आबा ओसरीवरून हे रोज बघत होते. बोलत नव्हते, पण बघत होते.

कायदा कुठे आडवा येतो

इथे कायदा किती कडक आहे हे बऱ्याच हौशी पोरांना ठाऊक नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतल्या (नोंदणी प्रमाणपत्रातल्या) तपशिलांचा कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी मेळ बसणार नाही, असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. २०१९ च्याच दुरुस्तीत कलम १८२अ आलं. बेकायदा बदलाबद्दल मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हा प्रदूषणाच्या कलमातला वेगळा गुन्हा.

पण आम्हाला जास्त उपयोगी पडल्या त्या दोन साध्या नोंदी. आरसीवर आसनक्षमता दोन लिहिलेली आहे, आणि गाडीवर सीट एकाची. ही तफावत निरीक्षकाला पहिल्या नजरेत दिसणार. दुसरा, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३: मागे बसणाऱ्याला धरायला दांडी, त्याला फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण दुचाकीला हवंच. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. पोराने त्याला आजीबाईंचं लटकण समजून पहिल्या दिवशी काढून टाकलं होतं. शिवाय जुन्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची झाली होती, आणि पुढची प्लेट लावायला पुढचा मडगार्डच जागेवर नव्हता.

आणि एक गोष्ट पोराच्या गावीही नव्हती. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठी फिरवाफिरव झालेली नको. नोंदणी दहा वर्षांची, सुरुवातीचं शुल्क वीस हजार. रोजच्या वापराला मात्र ती गाडी काढता येत नाही. आबांची बुलेट मार्च २०२५ मध्ये पन्नास पूर्ण करत होती. रोजच्या वापराची बंदी पोराला परवडणारी नाही, तेव्हा हा मार्ग आज निवडायचा प्रश्न नव्हता. पण नळी कापली असती तर तो कायमचा बंद झाला असता. आबांना २०२१ चा नियम माहीत नव्हता. त्यांनी ग्राइंडर वेगळ्याच कारणासाठी थांबवला होता.

ठरलं ते कसं

पोराचा पहिला पवित्रा सगळं किंवा काहीच नाही असा होता. “सर, मग राहू दे, परत जशी होती तशी करतो आणि एखादी नवी जीटी हप्त्यावर घेतो.” तोही मार्ग खोटा नव्हता. कंपनीनेच कॅफे रेसर म्हणून बनवलेली गाडी आरसीसकट कायदेशीर असते, तिचे ब्रेक त्या वेगाला साजेसे असतात. पण त्याच्या पगारात हप्ता बसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याला आबांचीच गाडी हवी होती.

मग एक नियम घातला: जे मूळ बोल्टच्या भोकांवर बसेल आणि त्याच पान्याने सुटेल तेवढंच ठेवायचं. कापायचं नाही, वेल्ड करायचं नाही, मूळ भाग फेकायचा नाही. पासिंगला गाडी मूळ भागांवर जाईल.

पोत्यातलं केसिंग परत आलं, त्याबरोबर अॅमीटरही. त्याच्या मूळ क्लॅम्पमध्ये बावीस मिलीमीटरच्या नळीचं, पुढे येऊन खाली वळलेलं हँडल बसवलं. इंग्लंडमध्ये या प्रकाराला एस हँडलच म्हणायचे, त्या कॅफेच्या नावावरून. क्लिप-ऑनपेक्षा हे स्वस्त, आणि माझ्या मते जास्त अस्सलही. पाठ झुकते, पण पोट टाकीवर पडत नाही; अंगठाही सुटला. फूटरेस्ट पूर्ण मागे न नेता मधल्या भोकांवर बसणारी पट्टी पाच मिलीमीटर जाड पोलादात करून घेतली, साधारण सहा इंच मागे. उजवा फूटरेस्ट दुमडता केला, म्हणजे किकला वाट मिळाली. गिअरला जोडदांडी दिली आणि दोन्ही टोकांचे आर्म एकाच बाजूला, खाली तोंड करून ठेवले. तसं केलं की दिशा उलटत नाही. पहिला पुन्हा वर आला आणि काका पुन्हा गाडीवर बसले. ब्रेकचा पेडल मूळ लांबीचाच ठेवून फक्त दांडी बदलली.

शॉकप मूळ मापाचे नवे घेतले. डबा आणि कंपनीच्या घडणीचा सायलेन्सर परत आला, पॉइंट घासून गॅप लावला, टायमिंग जुळवलं. प्लग दोन आठवड्यांत तपकिरी झाला. दोन्ही मडगार्ड आणि साडीगार्ड जागेवर गेले. कासच्या बाजूचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे तो मागच्या मडगार्डशिवाय गाडी काढायच्या भानगडीत पडणार नाही, त्याला नियम १२३ सांगावा लागत नाही.

सीटवर मात्र पोरगा अडून बसला. ती सरळ रेघ त्याला हवीच होती. इथे वाट काढली मिस्त्रींनी. दोघांना पुरेल अशी लांब, सपाट, कमी जाडीची सीट मूळ माउंटवर, आणि मागच्या अर्ध्या भागावर चार स्क्रूंनी बसणारं फायबरचं झाकण. झाकण लावलं की उंचवट्याची एकेरी सीट दिसते, काढलं की दोघं बसतात. साठच्या दशकातल्या पोरांनाही सोमवारी याच गाडीवर कामाला जायचं असायचं, तेव्हा अशी तडजोड त्यांना परकी वाटली नसती. लेगगार्ड मूळ गाडीबरोबर आलेला नव्हता, नंतर लावलेला. तो आबांच्या संमतीने पोत्यातच राहिला.

आबांची संमती हा वेगळाच अध्याय. त्यांचा आक्षेप कायद्याचा नव्हता की गिअरचा. एके संध्याकाळी त्यांनी तो मला एका दमात सांगितला. “सर, शर्यतीचा छकडा येगळा आन् उसाची गाडी येगळी. छकड्यात काय बी नसतंय, दोन चाकं आन् दांडी. त्यात ऊस भरत न्हाईत. ह्यानं उसाच्या गाडीचा छकडा केला, आन् ऊस बी त्यातच भरायला बघतोय.” कॅफे रेसरवर इंग्रजीत मी बरंच वाचलंय, इतक्या थोडक्यात कुणी मांडलेलं आठवत नाही. आजीचा आक्षेप त्याहून साधा: “मी बसायचं कुठं?”

निकाल

मार्च २०२५ मध्ये गाडी मूळ हँडल, मूळ फूटरेस्ट आणि दुहेरी सीट घालून पासिंगला उभी राहिली आणि पास झाली. बदललेले भाग पुन्हा चढवायला मिस्त्रींना अर्धा दिवस पुरला. कलम ५२ काटेकोरपणे वाचणारा अधिकारी हँडलवरही बोट ठेवू शकतो, हे पोराला समजावून सांगितलं आहे आणि तो धोका त्याने आपल्या खांद्यावर घेतला आहे. सायलेन्सर आणि सीटबद्दल मात्र आता कुणाला बोलायला जागा नाही.

मनगटांचं दुखणं थांबलं. लांबच्या रपेटीला पाठ अजून भरून येते. एस हँडल असलं तरी बैठक झुकलेलीच. वेग? होता तेवढाच. पण घाटात गाडी आता पायात येते, म्हणजे फूटरेस्टवर भार देऊन वळणात झुकवता येते. हा मागे सरकलेल्या फूटरेस्टचा खरा फायदा, आणि तो चाळीसच्या वेगालाही मिळतो. पोराला हे स्वतःहून जाणवलं, मी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी हायवेच्या चहाला जमणाऱ्या त्याच्या मित्रांचं मत वेगळं आहे. मडगार्डवाली आणि साडीगार्डवाली कॅफे रेसर असतेच कुठे, हा त्यांचा सवाल. त्यातल्या एकाने नळी कापलेली आहे, दिसायला गाडी खरोखर झकास आहे, आणि तिचं पासिंग तीन वर्षांवर आलंय. मी त्याला काही सांगायला गेलो नाही. विचारेल तेव्हा बघू.

मला स्वतःला एकच रुखरुख आहे, ती पुढच्या ब्रेकची. १९७५ च्या बुलेटला पुढे सहा इंची ड्रम आहे, नंतरच्या मॉडेलना सात इंची, दोन कॅमवाला आला. नंतरचं चाक थोड्या जुळवाजुळवीने या फोर्कमध्ये बसवता येईल, मूळ चाक बाजूला ठेवता येईल, म्हणजे आमच्या नियमात बसतं. आबांचं म्हणणं, गाडी पन्नास वर्षं याच ब्रेकवर थांबली, पोरानेच जरा हळू चालवावी. नातू आणि मी या बाबतीत एका बाजूला आहोत. मिस्त्रींनी कोरेगावात एक जुनं चाक बघून ठेवलंय, घासाघीस चालू आहे.